विसापूरचं वनस्पती उद्यान आणि घरची सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावाच्या चारी बाजूंनी जंगलच आहे. मग तिकीट काढून झाडं बघायला कशाला जायचं?

झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातला माणूस हा प्रश्न हमखास विचारतो, आणि त्याचं चुकत नाही. ज्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर पळस आहे, घरामागे मोह आहे आणि उन्हाळ्यात जो चारं-टेंभरं खातो, त्याला साग दाखवायला चंद्रपूरपर्यंत नेण्यात काय हशील?

फरक असा, की जंगलात झाड जिथे उगवलं तिथे उगवलं. वनस्पती उद्यानात ते निवडून, नोंद ठेवून, नाव लावून वाढवलेलं असतं. एकाच कुळातली भावंडं शेजारीशेजारी पाहता येतात. ऐन आणि अर्जुन यांची पंख असलेली फळं एकाच फेरीत हातभर अंतरावरून बघितली, की दोन्ही एकाच कुळातली हे कोणी सांगावं लागत नाही. जंगलात त्यातलं एक टेकाडावर आणि दुसरं नाल्याच्या काठाला असतं. शिवाय जंगलातून दुर्मीळ होत चाललेली झाडं जपून ठेवणं हेही अशा उद्यानाचं काम. बगिचा शोभेसाठी असतो, वनस्पती उद्यान ओळखीसाठी. एवढं डोक्यात ठेवून गेलात तर 'इथे फुलंच नाहीत' ही तक्रार होणार नाही.

आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच मोठं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना झाडं माहीत असतात, पण ती सांगायला निमित्त लागतं. नातवाने पाटीवरचं नाव वाचायचं आणि आजीने 'हे तं आपल्या वावरातलं हाय बाप्पा' म्हणून पुढचं सांगायचं, असा मेळ तिथे जमतो. त्यामुळे आजी-आजोबांना घरी ठेवून जाऊ नका.

हे उद्यान नेमकं कुठे आहे?

चंद्रपूर ते बल्लारपूर रस्त्यावर, बल्लारपूर तालुक्यातल्या विसापूरला. अटल बिहारी वाजपेयी यांचं नाव त्याला दिलेलं आहे, पण रस्त्यात कोणाला विचारायचं तर 'विसापूरचं बॉटनिकल गार्डन' एवढंच म्हणा. चंद्रपूर शहरातून साधारण 10 किलोमीटर. चंद्रपूरची सैनिक शाळाही याच विसापूर परिसरात आहे. रेल्वेने येणाऱ्यांना चंद्रपूर किंवा बल्लारशाह, दोन्ही स्टेशनं जवळ. पुढे ऑटो मिळतो.

उद्यान नवं आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण 'बॉटनिकल गार्डन' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शे-दोनशे वर्षांची, तीन माणसांच्या कवेत न मावणारी झाडं येतात. तशी सावली इथे मागू नका. निघण्याच्या आदल्या दिवशी वेळ, तिकीट, सुट्टीचा वार आणि त्या दिवशी कोणते विभाग खुले आहेत, एवढं बघून घ्या.

आम्ही गाडीने येतोय. रस्ता कोणता धरायचा?

नागपूरकडून: बुटीबोरी, जांब, वरोरा, भद्रावती, चंद्रपूर. साधारण 150 किलोमीटर, चहापाण्यासह तीन-साडेतीन तास. जांबच्या चौकात सरळ गेलात तर हिंगणघाट, पांढरकवडा करत आदिलाबादकडे निघाल. तिथे वरोऱ्याचा फाटा पकडायचा. गप्पांच्या नादात हा फाटा सुटतो आणि मग गाडीत 'मी तं म्हणत होतो' सुरू होतं.

यवतमाळकडून वणीमार्गे. या बाजूला कोळशाच्या खाणी, त्यामुळे कोळशाचे ट्रक भरपूर. काचा वर ठेवा. दम्याचं माणूस सोबत असेल तर त्याचा पंप डिक्कीतल्या बॅगेत टाकू नका, हाताशी राहू द्या. पुढच्या ट्रकच्या मागे ताडपत्री फडफडताना दिसली की अंतर वाढवा. ओव्हरटेकची घाई या रस्त्यावर परवडत नाही.

गडचिरोलीकडून मूलमार्गे 80 किलोमीटरच्या आसपास. रस्ता जंगलातून जातो, दिसायला सगळ्यांत देखणा.

बुलढाणा-वाशीमवाल्यांना समृद्धी महामार्गाने वर्ध्याजवळ उतरून पुढे येता येतं. समृद्धीवर मोटरसायकलला बंदी आहे, म्हणजे 'दोघं गाडीत आणि पोरगा मागून बाइकवर' हा बेत तिथे चालत नाही. निघण्याआधी टायर थंड असताना हवा तपासा. सिमेंटचा तापलेला रस्ता, सलग वेग आणि झिजलेला टायर हे तिन्ही एकत्र आले की टायर फुटतो. पश्चिम विदर्भातून येणाऱ्यांनी एका दिवसात जाऊन-येऊन करण्याचा हट्ट धरू नये. चंद्रपुरात मुक्काम टाका.

कोणत्या महिन्यात यावं?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, घरातल्या सगळ्यांना झेपेल असा काळ हाच. पण झाडांच्या बाजूने विचार केला तर उत्तर बदलतं.

फेब्रुवारीचा शेवट ते मार्च म्हणजे पळस. पानं गळालेली आणि फांद्या केशरी. त्याच सुमारास कुसुमाची नवी पालवी लालभडक फुटते, आणि लांबून बघणारा तिला फुलंच समजतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. जमिनीवरचा तो फिकट पिवळा, रसाळ सडा दुपारपर्यंत वाळायला लागतो, म्हणून मोह बघायचा तर सकाळीच. एप्रिलपासून तामण फुलतो. जांभळट गुलाबी तुऱ्यांचं हे झाड आपलं राज्यफूल, पण पुस्तकात वाचलेल्या पोरांना ते समोर आलं तर ओळखू येत नाही. साग मात्र उलटा: उन्हाळ्यात उघडा बोडका, आणि पांढुरके बारीक फुलोरे पावसाळ्यात.

पावसाळ्यात हिरवं गार असतं, तसेच डासही. वाटा निसरड्या होतात. चिखलात न घसरणारे बूट आणि फुलबाह्यांचा सदरा, एवढं करा.

पोरांना सुट्ट्याच मे महिन्यात असतात. मग?

मग घड्याळाशी करार करा. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात 45-46 अंशांच्या पुढे जाणं ही दरवर्षीचीच गोष्ट. फाटक उघडायच्या वेळी आत, अकराच्या आत बाहेर. दुपार सावलीत, आणि वेळ उरला तर संध्याकाळी दुसरं काही. सकाळी साडेदहाला निवांत आंघोळी करून निघणाऱ्या कुटुंबाने मे महिन्यात वनस्पती उद्यानाचं नावच काढू नये.

डोक्याला दुपट्टा किंवा शेला प्रत्येकाला. माणशी दोन लिटर पाणी धरा. नुसतं पाणी पीत राहण्यापेक्षा मधूनमधून मीठ-साखरेचं पाणी द्या: एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. कैरीचं पन्हं नेलं तर उत्तमच, फक्त ते पितळी डब्यात भरू नका. एखादं लेकरू अचानक गप्प झालं, अंग तापलं, बोलण्यात गडबड वाटली, तर 'उन्हानं सुस्तावलं' म्हणून मांडीवर झोपवू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि थेट दवाखाना गाठा. त्यात उशीर चालत नाही.

बंद गाडीत झोपलेलं मूल 'पाचच मिनिटं' म्हणून सोडून जायचं नाही. थंडीच्या दिवसांतसुद्धा नाही.

आत गेल्यावर काय बघायचं? सगळी झाडं सारखीच दिसतात.

सगळं बघायला गेलात तर खरंच सारखीच दिसतील. पाच-सहा झाडं ठरवा आणि ती नीट बघा. आपल्या भागातली माझी यादी अशी, तुमची वेगळी असू शकते.

साग. मोठं खरबरीत पान. कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. हा खेळ आपल्या वावरातल्या सागाशी खेळायचा, उद्यानातल्या नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचा दर्जा देशभर मानला जातो. अयोध्येच्या राम मंदिरासाठी 2023 मध्ये बल्लारपूरच्या डेपोतूनच सागवान रवाना झालं होतं, आणि तो डेपो तुम्ही उभे आहात तिथून फार दूर नाही. हे आजोबांना सांगा, त्यांना आवडेल.

ऐन. याची साल बघायची: खोल भेगा आणि चौकोनी खवले, हुबेहूब मगरीच्या पाठीसारखी. पान उलटं करून देठाजवळ पाहिलं तर बारीक गाठी दिसतात. आता याच्याशेजारी अर्जुन शोधा. त्याची साल गुळगुळीत, पांढरट, पापुद्रे निघणारी. साल इतकी वेगळी, आणि फळं पाहिली तर दोन्हींना पाच पंख. आरमोरीकडचे लोक सोबत असतील तर त्यांना विचारा: टसर रेशमाच्या अळ्या याच दोन झाडांवर पोसतात.

बिजा. सालीला इजा झाली की लालभडक डिंक पाझरतो. याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी निळसर चमकतं. आमच्याकडे मधुमेहाची माणसं ते पाणी पितात. पाण्याचा रंग बघायला मजेदार आहे, पण त्याच्या भरवशावर डॉक्टरची गोळी बंद करणं हा शुद्ध वेडेपणा.

कांडोळ. पांढरंशुभ्र खोड, कागदासारखे पापुद्रे, उन्हाळ्यात पान नाही. चांदण्यात खोड चमकतं म्हणून याला भुत्याही म्हणतात. पोरांच्या लक्षात हेच झाड राहतं.

तेंदू. विडीचं पान. साल काळी, भेगाळलेली, आणि फळ म्हणजे आपलं टेंभरू. पूर्व विदर्भातल्या कित्येक घरांचा उन्हाळ्याचा रोकडा याच पानावर चालतो, तेव्हा याच्यासमोर दोन मिनिटं जास्त थांबायला हरकत नाही.

आणि पळस. पळसाला पाने तीनच ही म्हण सगळ्यांना पाठ, पण तिन्ही पानांत मधलं मोठं आणि बाजूची दोन तिरकी असतात, हे पत्रावळी लावणाऱ्या हातांनाच ठाऊक असतं.

पाटीवर ते लांबलचक लॅटिन नाव कशाला? मराठी नाव पुरत नाही का?

घरात पुरतं. पण चारोळीच्या झाडाला एका गावात चार म्हणतात, दुसरीकडे चारोळी, पलीकडे तेलुगू बोलणारे आणखी काही, आणि गोंडी-माडियात वेगळंच. व्यापारी, वैद्य आणि वनखातं एकाच झाडाविषयी बोलतायत याची खात्री त्या दोन शब्दी नावाने होते. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. सागाचं नाव टेक्टोना ग्रँडिस.

त्या नावाच्या शेपटाकडे मात्र कोणी बघत नाही, आणि मजा तिथेच आहे. ज्याने झाडाला शास्त्रीय नाव दिलं त्याच्या नावाची आद्याक्षरं तिथे असतात. तेंदू, डायोस्पायरॉस मेलॅनॉक्सिलॉन, याच्या पुढे 'रॉक्सब.' लिहिलेलं आढळेल. सालईच्या नावापुढेही तेच. हा विल्यम रॉक्सबर्ग, स्कॉटलंडचा डॉक्टर. कोरोमंडल किनाऱ्यावर काम करता करता झाडांच्या नादी लागला आणि 1793 पासून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. आपल्या मानवेल बांबूचं मूळ नावही त्याचंच. पोरांना सांगा, 'रॉक्सब.' जितक्या पाट्यांवर सापडेल तितक्या मोजा. अर्धा तास तुमचं डोकं शांत राहील.

बांबू बघायला वेगळं थांबावं का? तो तर घरोघरी आहे.

थांबा. आपल्या जंगलात मुख्यतः दोन बांबू: मानवेल आणि कटांग. मानवेल बारीक आणि जवळजवळ भरीव, म्हणून काठीला तोच लागतो. कटांग जाड, पोकळ आणि काटेरी. त्याच्या बेटात हात घालणाऱ्याला पुन्हा सांगावं लागत नाही. सूप-टोपल्या विणणारं कोणी ओळखीचं असेल तर त्याला सोबत घ्या, तो कांबीवरून जात आणि वय सांगेल. पावसाळ्यात जमिनीतून निघणारे कोंब म्हणजे आपले वास्ते, ज्यांची भाजी खाल्ली नाही असा झाडीपट्टीतला माणूस विरळा.

मानवेल काही दशकांतून एकदा मोठ्या भागावर एकदम फुलतो, बी धरतो आणि वाळून जातो. म्हणून आजोबांनी आयुष्यात एक-दोनदाच बांबूचा फुलोरा पाहिलेला असतो. बी पडून नवा बांबू तयार होईपर्यंत वाळलेल्या रानात आगीची भीती मोठी.

शेतकऱ्यांचा नेहमीचा पोटप्रश्न: धुऱ्यावर लावलेला बांबू तोडायला परवानगी लागते का? वनक्षेत्राबाहेरचा बांबू 2017 च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून काढला गेला, त्यामुळे स्वतःच्या शेतातल्या बांबूचा जुना जाच राहिलेला नाही. बांबूकामात खोलवर रस असेल तर चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. मूलकडून येणाऱ्यांना ते वाटेतच पडतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या लेखा-मेंढा गावाने बांबूवरचा हक्क कसा मिळवला ही गोष्टही गाडीत सांगण्यासारखी आहे. वनहक्काचं पत्र 2009 ला आणि बांबू विकण्याचा वाहतूक परवाना 2011 ला, मधली दोन वर्षं कशात गेली ते ज्याने सरकारी कचेरीत खेटे घातले त्याला कळेल.

पोट्टे अर्ध्या तासात कंटाळतात. काय करावं?

त्यांना माहिती देणं बंद करा आणि काम द्या. एक कोरं कागद आणि मेणाचा खडू: खाली पडलेल्या पानावर कागद ठेवून घासला की शिरांचा ठसा उमटतो. दुसरं काम, 'पाच वेगळ्या बिया शोधा, पण हात न लावता, फोटोतच'. तिसरं, फुलपाखरं. निळसर पट्टे असलेलं मोठं काळं फुलपाखरू दिसलं तर ते ब्लू मॉरमॉन, मराठीत नीलवंत. 2015 मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, आणि असा मान देणारं आपलं राज्य देशात पहिलं.

लहान्यांना गवताच्या मोकळ्या जागेत धावू द्या. प्रत्येक पाटी वाचून दाखवणारा काका पोरांना नकोसा होतो.

आजीचे गुडघे दुखतात. तिला चालवेल का?

फाटकापाशीच विचारा, आत फिरायला काही वाहनाची किंवा चाकाच्या खुर्चीची सोय आहे का. असो वा नसो, आजीला सगळं उद्यान दाखवायचा आटापिटा करू नका. फाटकाजवळचा एक विभाग, एक बाक, पाण्याची बाटली, आणि घरातलं एक माणूस सोबत. बाकीच्यांनी फिरून यायचं आणि न ओळखलेल्या झाडांचे फोटो आजीला दाखवायचे. कुड्याच्या फुलांची भाजी कशी करायची, कोणत्या झाडाच्या काडीने दात घासायचे आणि कोणती काडी चुलीत घातली की धूर डोळ्यांत जातो, हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं. मोबाइलचा रेकॉर्डर चालू ठेवा.

जेवणाचं काय?

शिदोरी न्या, पण आत जेवायची मुभा कुठे आहे ते विचारून. दशम्या, जवसाची चटणी, ठेचा, कांदा. उन्हाच्या दिवसांत सांभारवडी आणि दही-भात सकाळचा दुपारपर्यंत टिकवण्याच्या भानगडीत पडू नका. पत्रावळ्या असतील तर त्यासुद्धा तिथेच टाकायच्या नाहीत. 'पान आहे, कुजून जाईल' हा युक्तिवाद माकडं आणि कुत्री येईपर्यंतच टिकतो. प्लास्टिक तर डब्यात घालून परत न्यायचंच.

बाहेर जेवायचं असेल तर चंद्रपूर आणि बल्लारपूर दोन्हीकडे सोय आहे. जेवणाची ऑर्डर बारीक करा. तर्रीवर ताव मारून दुपारच्या उन्हात गाडी चालवणाऱ्याला झोप येते.

साप, मधमाश्या, खाज. काही भीती?

सापापेक्षा आग्या मोहोळाची काळजी जास्त घ्या. मोठ्या झाडावर किंवा उंच बांधकामाखाली काळं पोळं लटकताना दिसलं की लांबून वळसा. त्याखाली विडी-सिगारेट नाही, दगड नाही, आरडाओरडा नाही. अंगावर तीव्र अत्तर फवारून जाऊ नका. माश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहायचं नाही: दुपट्ट्याने तोंड झाकून पळत सुटायचं आणि गाडीत किंवा खोलीत शिरून दार लावायचं. रुतलेले काटे लगेच खरवडून काढा. खूप माश्या चावल्या, ओठ सुजले किंवा श्वास अडकला तर सरळ रुग्णालय.

सापासाठी नियम एकच, वाट सोडून गवतात पाय घालू नका.

दोन वनस्पती लेकरांना आधी दाखवून ठेवा. खाजकुइलीच्या वेलीला सोनेरी लव असलेल्या शेंगा लागतात, मखमल वाटून हात लावला की अंगाची आग होते. आणि बिब्बा. फळाच्या टरफलातला काळा रस कातडीवर लागला की फोड येतात. त्यातली गोडंबी आपण लाडवात घालतो म्हणून फळ निरुपद्रवी असतं असं नाही.

एखादं रोपटं, बी किंवा फूल आणलं तर चालेल?

नाही. गळलेलं बीसुद्धा नाही. तिथे प्रत्येक झाडाची नोंद आहे आणि त्याच्या बियांवर रोपवाटिकेचं काम चालतं. रोप हवंच असेल तर गावाजवळच्या वनखात्याच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत पावसाळ्याच्या तोंडावर चौकशी करा.

शाळेच्या प्रकल्पासाठी पानं हवी असतील तर ती आपल्या धुऱ्यावरची घ्या. वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वर वजन ठेवा आणि कागद रोज बदला. कागद बदलला नाही तर पान काळं पडतं. खाली झाडाचं नाव, गाव आणि तारीख लिहिली की ते शास्त्राच्या उपयोगाचं होतं.

मोबाइलवरचं ॲप झाड ओळखतं. मग कोणाला विचारायचं कशाला?

ॲप फुलावर बरं चालतं, सालीवर आणि रोपट्यावर गोंधळतं. पानाची वरची बाजू, खालची बाजू, साल, आणि असेल तर फूल-फळ असे वेगवेगळे फोटो काढले तर उत्तर सुधारतं. मग पाटीशी ताडून बघा. तोंडात घालायची गोष्ट ॲपच्या भरवशावर कधीही ठरवू नका.

आणखी काय काय जोडता येईल?

चंद्रपुरातच अर्धा दिवस जातो. गोंडकालीन परकोट आणि त्याचे जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर असे चार दरवाजे, झरपट नदीकाठचं अंचलेश्वर मंदिर, महाकालीचं देऊळ. चैत्रात महाकालीच्या यात्रेला दूरदूरहून, मराठवाड्यातूनही भाविक येतात, तेव्हा त्या दिवसांत शहरात गाडी घालण्याआधी विचार करा. बल्लारपूरचा किल्ला वर्धा नदीच्या काठावर आहे. गोंड राजांची राजधानी आधी इथे होती, मग चंद्रपूरला गेली.

नागपूरकडे परतणाऱ्यांना वाटेत भद्रावती आणि वरोऱ्याचं आनंदवन. बाबा आमटे यांनी 1949 मध्ये उभं केलेलं हे काम बघायला गेलात तर ते 'पिकनिक स्पॉट' नाही एवढं पोरांना गाडीतच सांगा. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. गडचिरोलीकडे जाणाऱ्यांना चामोर्शी तालुक्यातलं मार्कंडा, जिथे वैनगंगा उत्तरेकडे वळते.

ताडोबा जोडायचं तर तो स्वतंत्र दिवस धरा. सफारीचं आरक्षण आधी करावं लागतं, मंगळवारी ताडोबा बंद, आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद. सकाळी सफारी आणि दुपारी उद्यान हा बेत कागदावर छान दिसतो. पहाटे चारला उठलेलं कुटुंब दुपारी दोनला कोणत्याही झाडाकडे प्रेमाने बघत नाही.

देशातली मोठी उद्यानं पाहिलेल्यांना हे लहान वाटेल का?

वयाने लहान वाटेल. कलकत्त्याजवळ हावड्याचं उद्यान 1787 चं. तिथला वड प्रसिद्ध आहे: बुरशी लागल्यामुळे त्याचं मूळ खोड 1925 मध्ये कापून टाकावं लागलं आणि तरी पारंब्यांवर तो पसरतच राहिला. बंगळुरूचं लालबाग हैदरअलीच्या काळातलं. त्यांच्याशी विसापूरची बरोबरी करायचं कारण नाही. पण तिथे सालई, धावडा आणि बिजा समोर आला तर आपल्या आजीला बोलायला जितकं सुचेल, त्याहून इथे जास्त सुचतं.

परत कधी निघावं?

दिवस मावळायच्या आधी, विशेषतः मूलकडे किंवा ताडोबाच्या मोहर्लीकडे जाणाऱ्यांनी. संधिप्रकाशात रानडुकरं आणि चितळ रस्ता ओलांडतात, आणि चंद्रपूर परिसरात वाघसुद्धा. एक चितळ गेलं की मागून दुसरं येतंच, म्हणून पहिलं गेल्यावर लगेच वेग घेऊ नका. जनावर दिसलं तर काच खाली करून टॉर्च मारणं, हॉर्न देणं, खाली उतरून फोटो काढणं हे सगळं बंद. लेकरांना लघवीला जायचं असेल तर ते चंद्रपुरात किंवा पुढच्या गावात उरकून घ्या, जंगलाच्या पट्ट्यात गाडी थांबवायची नाही. पेट्रोलची टाकीही शहरातच भरा.